नेम आणि माप

बंगळूर शहराच्या उत्तरेस पस्तीस-चाळीस किलोमीटरांवर देवनहळ्ळी नावाचे गाव आहे. २००८ सालापासून बंगळूरचा मोठा विमानतळ या गावाच्या शेजारी आहे, आणि हजारो प्रवासी रोज त्याच्या वेशीजवळून ये-जा करतात. परंतु गावातला जुना किल्ला पाहण्यासाठी थांबणारे त्यांत थोडेच असतील. मुळात हा किल्ला मातीचा होता; पुढे हैदर अली व टिपू यांच्या अमदानीत त्याला दगडी तट आला. काही काळ तो मराठ्यांच्याही हाती होता, आणि १७९१ साली कॉर्नवॉलिसच्या फौजेने तो घेतला. किल्ल्याजवळ एक लहानसे स्मारक आहे. टिपू सुलतानाचा जन्म त्या जागी झाला, असे तेथील शिळा सांगते. जन्माचे साल कोणी १७५० देतात, कोणी १७५१.

टिपूच्या राजनीतीविषयी मतभेद पुष्कळ आहेत. त्यांत आज आपल्याला शिरावयाचे नाही. देवनहळ्ळीचे स्मरण येथे केले आहे ते एका वेगळ्या कारणासाठी. या गावात जन्मलेल्या माणसाच्या सैन्याने एक शस्त्र असे वापरले, की त्याच्या पल्ल्याचे युरोपातील लष्करी लोकांना नवल वाटले आणि त्याच्या नेमाविषयी मात्र सगळ्यांनीच तक्रार केली. ते शस्त्र म्हणजे अग्निबाण. पल्ला आणि नेम या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे त्या बाणाने जितके स्पष्ट दाखवले तितके क्वचितच दुसऱ्या कशाने दाखवले असेल. दूरचा नेम साधतो तो दारूच्या जोराने की दारूच्या मापाने, असा आजचा प्रश्न आहे.

बाण हे शस्त्र मराठी माणसाला अपरिचित नाही. आपल्या बखरींत आणि जुन्या पत्रांत लढाईच्या वर्णनात जेजाला आणि सुतरनाळा यांच्या जोडीने ‘बाण’ हा शब्द येतो, तेव्हा तो पुष्कळदा धनुष्याचा नसून दारूचा असतो. म्हैसूरकरांनी त्यात जी भर घातली ती लोखंडाची. कागदाच्या किंवा बांबूच्या नळीत दारूचा जोर थोडा वाढला तरी नळी फुटते. घडीव लोखंडाची नळी अधिक दाब सोसते, आणि दाब अधिक म्हणजे वेग अधिक, पल्ला अधिक. इंग्लंडात वुलविच येथे नेऊन ठेवलेल्या दोन बाणांची मापे आज उपलब्ध आहेत. एकाची नळी सुमारे पंचवीस सेंटिमीटर लांब व सहा सेंटिमीटरांहून किंचित कमी जाड असून ती चामड्याच्या वाद्यांनी एक मीटरभर लांबीच्या तलवारीच्या पात्याला बांधलेली आहे. दुसऱ्याची नळी वीस सेंटिमीटरांची असून ती जवळजवळ दोन मीटरांच्या बांबूला बांधली आहे. २०१८ साली कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्यात नगर येथे एका कोरड्या विहिरीतून असे हजारावर बाण निघाले. यावरून हे शस्त्र केवढ्या मोठ्या प्रमाणावर तयार होत असे याची कल्पना यावी.

हे बाण हजार यार्डांच्या पलीकडे सहज जात. टिपूच्या लष्करी नियमावलीत प्रत्येक तुकडीबरोबर दोनशे बाणदार नेमण्याची योजना होती. नळीचा व्यास आणि लक्ष्याचे अंतर पाहून बाण किती कोनात उभा करावा, हेही या बाणदारांना शिकवलेले असे. म्हणजे मापाचा विचार तेथे नव्हता असे मुळीच नाही. तरीही सुटलेला बाण नेमका कोठे पडेल हे सोडणाऱ्याला सांगता येत नसे. म्हणून बाण एकेकटे न सोडता समूहाने सोडीत; शंभरांतले पाच-दहा जरी शत्रूच्या घोडदळात पडले तरी घोडी बुजत, हत्ती बिथरत आणि फळी मोडत असे. १७८० साली पोल्लिलूरच्या लढाईत इंग्रजांच्या दारूच्या गाड्या उडाल्या आणि कर्नल बेलीच्या सैन्याचा नाश झाला. त्या गाड्या बाणांनीच पेटल्या, असे परंपरेने सांगतात. उणीव नेमाची होती आणि ती संख्येने भरून काढली जात होती.

नेम का साधत नसे? कारागीर अडाणी होते म्हणून नव्हे. बाणाच्या नळीत दारू हाताने ठासली जाई. हात कितीही तयार असला तरी एका नळीत दारू किंचित घट्ट बसे, दुसरीत किंचित सैल. घट्ट दारू सावकाश जळते. सैल दारूत ज्वाळा फटींतून आत शिरते व ती एकदम पेट घेते. एक बांबू सरळ असे, दुसऱ्याला नकळत बाक असे. शिवाय दारू जळत जाई तसतसे बाणाचे वजन घटे व त्याचा तोल सरके. असे बारीक बारीक फरक प्रत्येक बाणात निराळे होते, आणि म्हणून प्रत्येक बाणाची वाट निराळी होती. म्हैसूरच्या बाणांचा अभ्यास करून विल्यम काँग्रीव्ह याने १८०५ च्या सुमारास वुलविचमध्ये नवे बाण तयार केले, दारू यंत्राने एकसारखी दाबली, नळ्या एका मापाच्या केल्या. १८०६ साली बूलोनवर आणि १८०७ साली कोपनहेगनवर ते वापरले गेले. पण काठी लावलेला तो बाणही वाऱ्याने भरकटेच. १८४४ साली विल्यम हेल याने काठी काढून टाकली आणि बाहेर पडणाऱ्या वायूनेच बाणाला स्वतःभोवती फिरवले, तेव्हा कोठे त्याला थोडीबहुत शिस्त लागली.

येथे एका चमत्कारिक योगायोगाचा उल्लेख करण्याजोगा आहे. टिपूचा जन्म देवनहळ्ळीत झाला त्याच सुमारास, तेथून सरळ रेषेत तीनशे किलोमीटरांहून कमी अंतरावर, कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड या किल्ल्यात एक इंग्रज गणिती ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत तटबंदीची कामे पाहत होता. त्याचे नाव बेंजामिन रॉबिन्स. १७५१ च्या जुलैमध्ये तो तेथेच वारला. बंदुकीची गोळी किती वेगाने जाते, हे खात्रीलायक रीतीने मोजण्याची सोपी युक्ती जगाला दिली ती याच माणसाने, आणि तिचे वर्णन त्याने १७४२ च्या आपल्या ग्रंथात केले होते.

ती युक्ती अशी. एक जड लाकडी ठोकळा लोंबता टांगावयाचा आणि त्यात गोळी मारावयाची. गोळी ठोकळ्यात रुतते आणि ठोकळा झोक्यासारखा मागे जातो. झोका किती गेला ते मोजले, गोळीचे व ठोकळ्याचे वजन घेतले, की गोळीचा वेग गणिताने निघतो. डोळ्याला न दिसणारी गोष्ट रॉबिन्सने अशी फुटपट्टीच्या आटोक्यात आणली. त्यातून दोन गोष्टी हाती लागल्या. पहिली ही की, हवा गोळीला जो अडथळा करते तो लोक समजत होते त्याच्या कितीतरी पट मोठा आहे. भरवेगातल्या गोळीवर तो तिच्या स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट असतो. दुसरी गोष्ट व्यवहाराची होती. दोन पोत्यांतील दारू दिसायला सारखी असली तरी तिचा जोर सारखा आहे की नाही, हे आता ठोकळा सांगू शकत होता. जोपर्यंत मोजता येत नव्हते तोपर्यंत ‘चांगली दारू’ हे कारागिराचे मत होते; मोजता येऊ लागले तेव्हा ते ज्ञान झाले. रॉबिन्सने आणखी एक भविष्य केले होते. आतून पिळाच्या खाचा पाडलेल्या नळीचे मर्म जे राष्ट्र पूर्णपणे ओळखील ते रणांगणावर वरचढ ठरेल, असे त्याने म्हटले होते, आणि पुढच्या शतकाने ते खरे केले.

पिळाच्या खाचांची ही नळी म्हणजेच रायफल. मुलांचा भोवरा फिरत असतो तोवर आरेवर ताठ उभा राहतो आणि फिरणे थांबले की कलंडतो. त्याच न्यायाने स्वतःभोवती फिरणारी लांबट गोळी आपले नाक पुढे ठेवून जाते. आजच्या दूर पल्ल्याच्या रायफलीत साधारण पंचवीस सेंटिमीटर लांबीत खाचांचा एक फेरा पुरा होतो. गोळी सेकंदाला नऊशे मीटर वेगाने निघाली, तर ती नळीबाहेर पडताना सेकंदाला साडेतीन हजार गिरक्या घेत असते, असा याचा हिशेब होतो.

आता बंदूक भरण्याच्या रीतीकडे वळू. आपल्या पणजोबांच्या काळी प्रत्येक बार हातानेच भरला जाई. ठासणीच्या बंदुकीत तोंडाकडून दारू घालावयाची, वर चिंधीचा बोळा, त्यावर गोळी, मग गजाने ठासावयाचे, कान्यावर रंजक ठेवावयाची आणि तोडा लावावयाचा. दारू जास्त झाली तर नळी फुटण्याचे भय, कमी झाली तर बार फुसका. हे माप शिकाऱ्याच्या हाताला असे. एकोणिसाव्या शतकात पितळी काडतूस आले आणि भरण्याचे काम शिकाऱ्याच्या हातून कारखान्याकडे गेले. पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला तो १८६९ साली, याच स्थित्यंतराच्या काळात. १८८४ मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने धूर न करणारी दारू सिद्ध केली आणि गोळीचा वेग एकदम वाढला.

काडतुसाचे भाग चार. पहिला भाग पितळी पुंगळी. दुसरा, तिच्या बुडाशी बसवलेली टोपी. घोड्याचा आघात होताच ती पेटते. तिसरा भाग आतली दारू आणि चौथा तोंडाशी बसवलेली गोळी. टोपीची ठिणगी दारूला पेटवते, वायूचा दाब चार हजार वातावरणांच्याही वर जातो, आणि एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास गोळी नळीबाहेर पडते. या काडतुसांच्या एका मोठ्या जातीला ‘मॅग्नम’ म्हणतात. ‘मॅग्नम’ या लॅटिन शब्दाचा अर्थ मोठा असा होतो. द्राक्षासवाच्या मोठ्या बाटलीला तो लावीत, तेथून तो बंदुकीकडे आला. नळीचे भोक तेवढेच, पण पुंगळी मोठी आणि दारू अधिक, असा हा प्रकार. अमेरिकेत १९३५ साली बेन कम्फर्ट या नेमबाजाने हजार यार्डांवरची विम्बल्डन कपाची स्पर्धा अशाच मॅग्नम काडतुसाने जिंकली, तेव्हापासून दूर पल्ल्याच्या नेमबाजीत या जातीचे नाव झाले.

पण याच ठिकाणी देवनहळ्ळीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. दारू वाढली, वेग वाढला, पल्ला वाढला, नेमाचे काय? त्याचे उत्तर साध्या गणितात आहे. लक्ष्य एक किलोमीटरावर आहे असे धरा, आणि हवा नाहीच असेही क्षणभर धरा. एक गोळी सेकंदाला नऊशे मीटर वेगाने सुटली तर तिला तेथे पोहोचायला १.११ सेकंद लागतील आणि तेवढ्या वेळात पृथ्वीच्या ओढीने ती ६.०६ मीटर खाली येईल. दुसरी गोळी आठशे नव्वद मीटर वेगाने सुटली तर ती ६.१९ मीटर खाली येईल. माशी तीच, हात तोच, श्वास तसाच रोखलेला. तरी दोन गोळ्यांत जवळजवळ चौदा सेंटिमीटरांचे अंतर पडले. प्रत्यक्षात हवा आहे, गोळीला वेळ अधिक लागतो, म्हणून हे अंतर याहूनही मोठे होते. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला. एक कला किलोमीटरावर सुमारे एकोणतीस सेंटिमीटर झाकते. चांगला नेमबाज आपल्या गोळ्या एका कलेच्या आत बसवू पाहतो. त्या एकोणतीस सेंटिमीटरांतले निम्मे जर काडतुसातील असमानतेने आधीच खाल्ले, तर माणसाच्या कौशल्याला उरले काय? शंभर मीटरांवर हाच फरक जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटरांचा असतो, म्हणून जवळच्या नेमात तो कधी लक्षातच येत नाही. तो दोष काडतुसात असतोच. अंतर वाढते तेव्हा तो डोळ्यांना दिसू लागतो.

म्हणूनच, जे काम कारखान्याने शिकाऱ्याच्या हातून घेतले होते ते दूर पल्ल्याच्या नेमबाजाने पुन्हा आपल्या हातात घेतले. अमेरिकेत आणि युरोपात कायद्याची परवानगी असलेले पुष्कळ नेमबाज आपली काडतुसे स्वतः भरतात. यात काटकसर थोडी असेल, पण खरा हेतू एकसारखेपणा हा असतो. कारखान्याला लाखो काडतुसे करावयाची असतात आणि ती हरतऱ्हेच्या बंदुकांत चालली पाहिजेत. स्वतः भरणाऱ्याला पन्नासच करावयाची असतात, पण ती सगळी जुळी हवीत आणि आपल्या एका रायफलीच्या अंगाला बसणारी हवीत.

त्याची रीत पाहण्याजोगी आहे. तो प्रथम पुंगळ्या तोलतो आणि एका वजनाच्या वेगळ्या काढतो, कारण बाहेरचे माप सारखे असता वजन अधिक म्हणजे आतली जागा कमी, आणि जागा कमी म्हणजे दाब अधिक. टोप्या एकाच घाण्यातल्या घेतो. गोळ्या निवडून घेतो. दारू तोलण्याचे त्याचे परिमाण म्हणजे ग्रेन. एक ग्रेन म्हणजे सुमारे पासष्ट मिलिग्रॅम, आपल्या सोनाराच्या गुंजेच्या जवळजवळ निम्मा. आणि तो तोलतो या ग्रेनच्याही दहाव्या भागापर्यंत. मोठ्या मॅग्नम पुंगळीत साधारण साडेचार ते पाच ग्रॅम दारू मावते. तिच्यात शंभरात एक भागाचा, म्हणजे अर्ध्या गुंजेहूनही कमी, फरक पडला तरी वेगात सेकंदाला पाच-सहा मीटरांचा फरक पडू शकतो. गोळी पुंगळीत किती खोल बसवावी, हेही तो मोजून ठरवतो, कारण पुंगळी सोडून खाचांत शिरेपर्यंत गोळीला किती जागा मोकळी मिळते यावर दाबाची चढण अवलंबून असते.

यानंतर खरे शोधकार्य सुरू होते. दारू बनवणारे कारखाने कोणत्या पुंगळीत कोणती दारू कमीत कमी व जास्तीत जास्त किती घालावी याचे तक्ते प्रसिद्ध करतात. शहाणा माणूस तक्त्यातील खालच्या टोकापासून सुरुवात करतो आणि अगदी थोडे थोडे वाढवीत जातो. प्रत्येक पायरीवर वेग मोजण्याचे यंत्र ठेवून गोळ्या मारतो आणि वहीत लिहून ठेवतो. रॉबिन्सच्या ठोकळ्याचे काम आता विजेचे यंत्र करते, पण विचार तोच. या सगळ्यात एक नियम मात्र मोडावयाचा नसतो, तो म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची. दारू आणि गोळी दोन्ही एकदम बदलल्या तर सुधारणा कशाने झाली, हे ब्रह्मदेवालाही सांगता यावयाचे नाही. सर्वांत वेगवान बार तो निवडीत नाही. ज्या मापाच्या आसपास थोडेफार कमीजास्त झाले तरी गोळीची जागा फारशी हलत नाही, ते माप त्याला हवे असते. जोराचा मोह सोडून स्थैर्य निवडावे लागते, आणि बहुतेक वेळा ते स्थैर्य तक्त्याच्या वरच्या टोकाच्या बरेच खाली सापडते.

येथे माणसाचे मन त्याला फसवते तेही सांगितले पाहिजे. तीन गोळ्या मारल्या आणि तिन्ही एका रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या गेल्या, की भरणाऱ्याला वाटते की माप सापडले. दुसऱ्या दिवशी त्याच मापाच्या दहा गोळ्या तळहाताएवढ्या जागेत विखुरतात. पहिल्या दिवशीच्या तीन गोळ्या म्हणजे कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडावी, त्यातला प्रकार होता. थोड्या नमुन्यावरून मोठा निष्कर्ष काढू नये, हे संख्याशास्त्राचे पहिले सूत्र आहे. आणि ते पुस्तकातून शिकण्यापेक्षा लक्ष्याच्या कागदावर शिकणे अधिक झोंबते. दहाचा, वीसचा नमुना घ्यावा. वाईट गोळी ‘माझा हात हलला’ म्हणून हिशेबातून गाळू नये. आणि चांगली गोळी आपल्या कर्तबगारीच्या खात्यात घाईने जमा करू नये.

मापाचे हे काम हवामानही बिघडवते. उन्हात तापलेल्या काडतुसातील दारू अधिक चटकन जळते आणि गोळी वर लागते. देवनहळ्ळीसारख्या, समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीच्या पठारावर हवेची घनता किनाऱ्यावरच्यापेक्षा शेकडा आठ-नऊ भागांनी कमी असते. तेथे ठरवलेला नेम मुंबईच्या किनाऱ्यावर जसाच्या तसा चालणार नाही. एका जागी खरे ठरलेले माप दुसऱ्या जागी पुन्हा तपासावे लागते.

हे सारे ऐकून कोणाला हा खेळ घरी करून पाहण्याची उमेद आली, तर त्याला दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. पहिली, आपल्या देशात १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून काडतुसे तयार करणे हा गुन्हा आहे. आणि दुसरी, हा कायदा नसता तरी निसर्गाचा कायदा आहेच. दाब दारूच्या प्रमाणात सरळ वाढत नाही. एका मर्यादेनंतर थोडी दारू वाढली तरी तो एकाएकी उसळतो. चुकीची दारू किंवा दुप्पट भरलेली पुंगळी यांमुळे रायफल फुटते, आणि ती फुटते तेव्हा नेमबाजाचा चेहरा तिच्यापासून वीतभर अंतरावर असतो. या विद्येत माप चुकल्याचा दंड पुढच्या वेळेपर्यंत उधार राहत नाही.

मग आपल्याकडील नेमबाज काय करतात? आपल्या क्रीडा-नेमबाजीतील पन्नास मीटरांच्या स्पर्धा ज्या लहान काडतुसाने होतात त्यात टोपी वेगळी नसते. पेटणारे द्रव्य पुंगळीच्या काठातच भरलेले असते. त्यामुळे ते काडतूस हाताने पुन्हा भरताच येत नाही. तेव्हा नेमबाज दुसरा मार्ग धरतात. एकाच कारखान्याच्या निरनिराळ्या घाण्यांतील काडतुसे घेऊन, रायफल पकडीत घट्ट बसवून, ते प्रत्येक घाण्याची परीक्षा करतात. जो घाणा आपल्या रायफलीशी सर्वांत एकसारखा वागतो, त्याचीच पेटी स्पर्धेसाठी राखून ठेवतात. भरता येत नाही तर निवडता तरी येते, आणि तत्त्व तेच राहते. याच पन्नास मीटरांच्या खेळात कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे सहाशेपैकी ५९७ गुण मिळवून जागतिक अजिंक्यपद जिंकले, आणि कोल्हापूर जिल्ह्यातीलच कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. सहाशेत तीन गुण गमावणे, एवढ्या बारीक हिशेबाच्या या खेळात काडतुसाच्या लहरीला जागा कोठून असणार?

कारखान्यांतही हीच कसोटी मोठ्या प्रमाणावर चालते. खडकी आणि वरणगाव येथील दारूगोळ्याचे कारखाने २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आले आहेत. व्यवस्था बदलली तरी या धंद्याची कसोटी बदलत नाही. प्रत्येक घाण्यातून नमुने काढून ते झाडून पाहावयाचे, वेग व दाब मोजावयाचे, आणि घाणा मर्यादेत नसेल तर तो बाजूला काढावयाचा. सीमेवरच्या जवानाला आपले काडतूस तोलून पाहण्याची सवड नसते. त्याने दाबलेल्या घोड्यामागे दूरच्या एखाद्या कामगाराने तोललेले माप असते, आणि त्या मापावर त्याचा जीव अवलंबून असतो.

अठराव्या शतकात म्हैसूरच्या लोहारांजवळ जोर होता, धैर्य होते आणि कल्पकताही होती. त्यांच्या बाणाने पाश्चात्त्यांना शिकण्याजोगे काही दिले, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो आणि ती खरीही आहे. परंतु बाण घेऊन गेलेल्यांनी त्याच्या जोडीला तराजू, साचा आणि नोंदवही ठेवली, हे सांगावयाचे आपण पुष्कळदा विसरतो. शंभर बाण सोडून पाच लागले यात समाधान मानणे, आणि उरलेले पंचाण्णव का चुकले हे एकेक करून शोधणे, या दोन वृत्तींतले अंतर कारखान्यांच्या इतिहासात फार महाग पडलेले आहे. ते अंतर आता आपल्या देशातही पुष्कळ कमी झाले आहे. ते कमी करणारी साधने मोठी दिमाखाची नाहीत. ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत प्रामाणिक असणारा काटा, एका वेळी एकच गोष्ट बदलण्याचा संयम, आणि चुकलेली गोळीसुद्धा वहीत मांडण्याची सवय एवढीच ती आहेत. दूरचा नेम शेवटी यांच्याच बळावर लागतो.